लेझरने चष्मा घालवायचाय? मग आधी बुबुळाची जाडी विचारा

चष्मा लागला तेव्हा मी पाचवीत होते. गेला तेव्हा एकतीस पूर्ण झाली होती आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस सहा होता. सकाळी उठल्यावर चष्मा शोधायलाच चष्मा लागायचा. आता ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी महिन्याआड फोन करून विचारतं, "दुखतं का गं?" मी सांगते, ते शेवटी बघू. आधी सांग, तुझी बुबुळाची जाडी किती आहे? पलीकडे शांतता असते.

म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. एका ठिकाणी 'लगेच करून टाकू' आणि दुसऱ्या ठिकाणी 'हे तुम्हाला नको, ते करा' असं ऐकलेली एक पेशंट आहे. ज्या क्रमाने मला या गोष्टी आधीच कळायला हव्या होत्या, त्या क्रमाने लिहिते.

१. घरी बसूनच जे ठरवता येतं

वय १८ च्या खाली असेल तर विषय संपला, आणि बरेच सर्जन २१ पर्यंत थांबायला सांगतात. कारण साधं आहे. नंबर वाढत असताना लेझर केलं तर आजचा नंबर जाईल आणि पुढच्या वर्षी नवा येईल. गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्या नंबराहून (०.५) जास्त बदललेला नसावा. घरात जुने चष्म्याचे कागद असतील तर ते शोधून ठेवा, तपासणीला तेच पहिल्यांदा मागतात. माझ्या आईने ते देवघराच्या खणात जपून ठेवले होते, पंचांगांच्या खाली.

गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर थांबा, त्या काळात नंबर आणि डोळ्यांचा ओलावा दोन्ही हलतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, संधिवातासारखा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने बिघडणारा आजार असेल, साखर ताब्यात नसेल, तर हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. 'डोळ्याचा आणि सांध्यांचा काय संबंध' असं वाटून लोक बोलत नाहीत. जखम भरून येण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

एक सवय मुद्दाम तपासा: डोळे चोळण्याची. ॲलर्जीने खाज येऊन वर्षानुवर्षं डोळे चोळणाऱ्यांमध्ये केराटोकोनस नावाचा विकार जास्त दिसतो. त्यात बुबुळावरचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. अशा डोळ्यावर लॅसिक, म्हणजे चष्मा घालवायचं लोकप्रिय लेझर, केलं तर तो आणखी कमकुवत होतो. घरात कुणाला हा विकार असेल तर तेही सांगायचं.

चाळिशीच्या आसपास असाल तर आणखी एक हिशेब आहे, आणि तो फार कमी जण करतात. लेझरने लांबचा नंबर जातो, चाळिशी जात नाही. मायनस दोन-अडीच नंबरवाले लोक पंचेचाळिशीतही चष्मा काढून छान वाचतात. लांबचं नीट करून घेतलं की वाचायला चष्मा येणार. माझ्या आत्याने शेहेचाळिसाव्या वर्षी हौसेने केलं आणि आता ती तांदूळ निवडायला चष्मा शोधत असते. पूर्वी डोळे जवळ नेऊन निवडायची.

सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी तर जाहिरातीतला वैद्यकीय भाग आधी वाचावा. रेल्वेच्या सहायक लोको पायलट भरतीत लॅसिक किंवा नंबर घालवणारी कुठलीही शस्त्रक्रिया झालेले उमेदवार अपात्र ठरतात. हवाई दलात जिथे चालतं तिथेही ती विसाव्या वर्षाआधी झालेली चालत नाही आणि होऊन वर्ष उलटलेलं लागतं. 'मेडिकलच्या आधी पटकन उरकून घेतो' हा बेत अंगाशी येतो. तिथे तपासणारे डॉक्टर असतात, कॉर्नियाचा नकाशा काढला की शस्त्रक्रिया लपत नाही.

२. तपासणीचा दिवस

लेख घाईत वाचत असाल तर निदान हा भाग सावकाश वाचा.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या आधीच बंद करायच्या: मऊ लेन्स एक ते दोन आठवडे, कडक लेन्स तीन ते चार आठवडे. लेन्सच्या दाबाने बुबुळाचा आकार तात्पुरता बदललेला असतो, आणि त्या बदललेल्या आकारावर मोजमाप घेतलं तर लेझरही चुकीच्या मापावर चालेल. मी पहिल्या ठिकाणी लेन्स घालूनच गेले होते. 'काढून ठेवा, बसा' म्हणाले आणि दहा मिनिटांत मोजमाप घेतलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज कुणी असं केलं तर मी तिथून उठून येईन.

दुचाकीवर जाऊ नका. डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) तपासण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्यानंतर काही तास ऊन सहन होत नाही आणि मोबाइलवरचं अक्षर दिसत नाही. सोबत कुणी असेल तर उत्तम, नाहीतर रिक्षा.

काय काय तपासतात? आधी नंबर, एकदा साधा आणि एकदा थेंब घालून. तरुण डोळे जोर लावून नंबर जास्त दाखवतात, थेंबांनी तो जोर सुटतो. मग कॉर्नियाचा नकाशा. हनुवटी टेकवून निळ्या प्रकाशाकडे बघत बसायचं, दोनेक सेकंदांत यंत्र पुढचा-मागचा आकार आणि जागोजागची जाडी रंगांत काढून देतं. अंधारात बाहुली किती मोठी होते ते मोजतात. अश्रूंची तपासणी म्हणून खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवतात, ती जरा टोचते. डोळ्याचा दाब. आणि शेवटी मागचा पडदा.

पडद्याची तपासणी कुणी टाळत असेल तर टाळू देऊ नका. मायनस नंबर म्हणजे डोळा लांबट असणं, आणि लांबट डोळ्याचा पडदा कडेला ताणलेला असतो. तिथे पातळ झालेले भाग किंवा छिद्रं सापडली तर आधी त्यांच्याभोवती वेगळ्या लेझरने टाके घातल्यासारखं करतात, नंबरचं लेझर नंतर. चष्मा गेला तरी डोळा लांबटच राहतो. म्हणून लेझरनंतरही वर्षातून एकदा पडदा दाखवायचा, आणि डोळ्यापुढे विजा चमकल्यासारखं झालं, अचानक काळे ठिपके वाढले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

३. पाटी-पेन्सिलीचं गणित

आपण 'बुबुळाची जाडी' म्हणतो ती खरं तर बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक भागाची, कॉर्नियाची. ती सर्वसाधारणपणे ५२० ते ५५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेझर याच काचेला घासून तिचा बाक बदलतं. एका नंबरमागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात. लॅसिकमध्ये वरून एक पापुद्रा उचलावा लागतो, तो १०० ते ११० मायक्रॉनचा. तो परत बसवतात, पण डोळ्याला आधार देण्याच्या कामी तो पूर्वीसारखा येत नाही, म्हणून हिशेबात वजाच धरायचा.

माझी जाडी ४८२. नंबर सहा, म्हणजे ८४ मायक्रॉन घासायचे. पापुद्रा ११०. खाली उरतात २८८. किमान २५० उरलेच पाहिजेत ही जुनी रेघ, पण आता बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला नाखूश असतात. शिवाय पापुद्रा आणि घासलेला भाग मिळून एकूण जाडीच्या चाळीस टक्क्यांच्या आत असावा असंही बघतात. माझे १९४ भागिले ४८२, म्हणजे बरोबर काठावर.

पहिल्या ठिकाणी हे गणित मला कुणी सांगितलंच नाही. समुपदेशक ताई गोड बोलल्या, रंगीत माहितीपत्रक दिलं आणि 'आज बुकिंग केलंत तर वीस टक्के सूट' म्हणाल्या. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी कागद ओढला, हीच वजाबाकी माझ्यासमोर केली आणि म्हणाले, "बाई, तुमचा नकाशा चांगला आहे, पण पापुद्र्याचे ११० मायक्रॉन तुम्हाला परवडायचे नाहीत." काठ ओलांडला म्हणजे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कॉर्निया पुढे फुगून दृष्टी वेडीवाकडी होण्याचा धोका, त्याला एक्टेझिया म्हणतात. तो क्वचित होतो, पण झाल्यावर चष्म्यानेही नीट दिसत नाही.

नकाशाची प्रत मागून घ्या. सगळ्यात पातळ जागेचा आकडा त्यावर छापलेला असतो. वजाबाकी स्वतः करा आणि मग डॉक्टरांना विचारा. त्रासले तर त्रासू देत.

४. कुठलं लेझर?

जाहिरातींत डझनभर नावं असतात. मुळात प्रकार तीनच.

लॅसिकमध्ये पापुद्रा उचलायचा, खाली लेझर मारायचं, पापुद्रा परत बसवायचा. पापुद्रा पात्याने कापतात किंवा फेम्टोसेकंद लेझरने. 'ब्लेडलेस' म्हणतात ते हे दुसरं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पष्ट दिसतं, म्हणून लोकप्रिय. पण पापुद्र्याची कड आयुष्यभर तशी कच्चीच राहते. कबड्डी, बॉक्सिंग, कुस्ती असले खेळ असतील तर आधी सांगा.

स्माइलमध्ये पापुद्रा नाही. आतल्या आत भिंगाच्या आकाराची चकती तयार करून ती दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढतात. अमेरिकेत याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. कोरडेपणा तुलनेने कमी, खर्च जास्त.

पीआरके सगळ्यात जुनं. फक्त वरची साय काढायची, जेमतेम ५० मायक्रॉनची, आणि तिथेच लेझर मारायचं. साय चार-पाच दिवसांत पुन्हा येते. माझ्या गणितात यामुळे खाली ३४८ उरले. किंमत म्हणजे दुखणं आणि धीर: दोन-तीन दिवस डोळ्यांत चटणी गेल्यासारखी आग, आणि लखलखीत दिसायला काही आठवडे. 'जुनं तंत्र' म्हणून लोक नाक मुरडतात. मला विचाराल तर पातळ कॉर्नियावाल्यांसाठी जुनंच बरं.

नंबर फार मोठा असेल किंवा जाडी अगदीच कमी असेल तर लेझरच नको, डोळ्याच्या आत स्वतःच्या भिंगापुढे एक पातळ भिंग बसवतात. ते गरज पडली तर काढता येतं. खर्च मात्र दुप्पट-तिप्पट.

५. पैसे

दोन्ही डोळ्यांचा मिळून खर्च तंत्राप्रमाणे काही हजारांपासून लाखाच्या पुढे जातो. 'एका डोळ्याचा भाव' जाहिरातीत टाकायची पद्धत आहे, तेवढं बघा. त्यात तपासणी, औषधं, वर्षभराच्या फेऱ्या आणि पुन्हा थोडं लेझर लागलं तर ते, यातलं काय धरलंय हे लिहून घ्या. पॉलिसीत ७.५ पेक्षा कमी नंबरच्या दृष्टिदोषावरचा खर्च वगळलेला असतो, ते कलम बहुतेक सगळ्या आरोग्य विम्यांत सारखंच आहे. नंबर त्याहून मोठा असेल तर मात्र एजंटला नव्हे, थेट कंपनीला लेखी विचारा.

तपासणारे, शस्त्रक्रिया करणारे आणि नंतर बघणारे डॉक्टर एकच आहेत का, हेही विचारा. काही ठिकाणी सर्जन आठवड्यातून एकदा बाहेरून येतात. त्यात गैर काही नाही, पण तिसऱ्या रात्री डोळा लाल झाला तर फोन कुणाला करायचा ते आधी ठरलेलं असावं.

६. तारीख धरताना

मुहूर्त बघा, पण पंचांगाचा नाही. पुढच्या महिनाभरात रंगपंचमी असेल, गणपती विसर्जनाचा गुलाल असेल, गावची जत्रा असेल तर ती तारीख सोडा. डोळ्यात रंग जाणं आणि ते चोळणं, दोन्ही त्या काळात परवडत नाही. पोहणं महिनाभर बंद. लग्न ठरलेल्या मुलींना माझं सांगणं, किमान तीन महिने आधी करा. हळद, अक्षता, होमाचा धूर आणि मेकअप हे सगळं ताज्या डोळ्यांना पेलत नाही. लॅसिक किंवा स्माइल असेल तर तीन-चार दिवस रजा पुरते. पीआरकेला आठवडा ते दहा दिवस धराच.

७. टेबलावर

आदल्या दिवशी डोक्यावरून स्वच्छ आंघोळ करून घ्या, पुढे आठवडाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नसतं. काजळ, मस्कारा चार-पाच दिवस आधीपासून बंद. त्या दिवशी अत्तर, डिओ, सुगंधी तेल काही नको, त्या वाफांनी लेझरच्या कामात अडथळा येतो. हलकं खाऊन जा, उपाशी नाही. पुढून बटणं असलेला शर्ट किंवा कुर्ता बरा, डोक्यावरून काढायला लागत नाही.

भूल म्हणजे फक्त थेंब. इंजेक्शन नाही, तुम्ही जागेच असता. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात, तोच सगळ्यात विचित्र वाटतो. लॅसिकमध्ये पापुद्रा करताना डोळ्यावर एक कडी दाबून बसवतात. माझ्या मामेबहिणीला कुणी सांगितलं नव्हतं आणि काही सेकंद सगळं अंधारलं तेव्हा ती घाबरून ओरडली होती. ते अपेक्षितच असतं, कडी सुटली की उजेड परत येतो. मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहायचं. डोळा जरा हलला तर यंत्र मागोमाग हलतं, जास्त हलला तर थांबतं. 'मी हललो तर काय' या भीतीने मान आवळून धरू नका.

टकटक आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वास. जळत मात्र काही नाही. हे अतिनील लेझर उष्णतेने कापत नाही, रेणूंमधले बंध तोडतं. त्यामुळे बाजूचा भाग तापत नाही. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती १९८१ च्या नोव्हेंबरात, न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणातली उरलेली टर्की घेऊन आले आणि त्यांनी तिच्यावर हेच अतिनील, म्हणजे एक्सायमर, लेझर मारून पाहिलं. कडा न जळता स्वच्छ काप गेला. डोळ्यावर त्याचा उपयोग होईल हे न्यूयॉर्कच्या स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांनी ओळखलं. उरलेल्या जेवणाचा याहून चांगला उपयोग माझ्या ऐकण्यात नाही.

प्रत्यक्ष लेझर एका डोळ्यावर मिनिटभरही चालत नाही. दोन्ही डोळे धरून वीस मिनिटांत बाहेर.

८. नंतरचे दिवस

लॅसिक, स्माइलवाल्यांना चार-सहा तास चुरचुर आणि पाणी. घरी जाऊन झोपायचं, तेच औषध. पीआरकेवाल्यांच्या डोळ्यांवर पट्टीसारखी लेन्स ठेवतात आणि साय भरली की चौथ्या-पाचव्या दिवशी काढतात. माझा दुसरा दिवस वाईट गेला. अंधाऱ्या खोलीत मी रेडिओ ऐकत पडले होते आणि कांदा चिरायला शेजारच्या काकूंना बोलावलं होतं. त्या वेळी मोह होतो की दवाखान्यातले ते भुलीचे थेंब घरी मिळाले तर! ते चुकूनही औषधाच्या दुकानातून आणू नका. वारंवार घातले तर जखम भरत नाही, कॉर्निया विरघळण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

थेंब तीन तऱ्हांचे देतात: जंतुसंसर्गाचे, स्टेरॉइडचे आणि ओलाव्याचे. दोन औषधांत पाच-दहा मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. स्टेरॉइडचे थेंब सांगितलेल्या क्रमाने हळूहळू कमी करायचे. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचे नाहीत, आणि संपल्यावर स्वतःच्या मनाने नवी बाटलीही आणायची नाही, कारण त्यांनी डोळ्याचा दाब चढतो. रात्री प्लास्टिकच्या झाकण्या लावून झोपा. झोपेत आपण डोळे चोळतो हे झाकण्या लावल्यावरच कळतं. दुचाकीवर साधा गॉगल पुढचे काही महिने कायम, आणि पीआरके असेल तर ऊन टाळण्यासाठी तो दुप्पट गरजेचा. कडक उन्हाने कॉर्नियावर धुरकट डाग येऊ शकतो.

दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, डोळा लालभडक झाला, पू आला किंवा दिसायला लागलेलं अचानक कमी झालं, तर सकाळची वाट बघू नका.

कोरडेपणा तीन ते सहा महिने राहतो, कारण लेझरने कॉर्नियाच्या बारीक नसा तुटलेल्या असतात आणि त्या सावकाश परत वाढतात. एसीत बसून स्क्रीनकडे बघणाऱ्यांना तो जास्त जाणवतो, कारण स्क्रीनपुढे आपण पापण्याच कमी मिटतो. थोड्या लोकांना तो बराच जास्त काळ छळतो. आधीपासूनच डोळे कोरडे असतील तर हा मुद्दा तपासणीच्या दिवशीच बोलून घ्या.

रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. मी दीड महिन्याने साताऱ्याहून पुण्याला येताना समोरच्या ट्रकचे दिवे तुळशीच्या लग्नातल्या फुलबाज्यांसारखे फुटताना पाहिले आणि गाडी बाजूला घेऊन नवऱ्याच्या हातात दिली. चौथ्या महिन्यात ते बरंच निवळलं. ज्यांची बाहुली अंधारात फार मोठी होते त्यांना हे जास्त दिसतं. रात्रपाळीला गाडी चालवणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा.

९. फाइल टाकून देऊ नका

शस्त्रक्रियेआधीचा नकाशा, आधीचा नंबर, जाडी, किती मायक्रॉन घासले, हे सगळं आयुष्यभर लागणार आहे. साठी-सत्तरीत मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या बाकावरून काढतात, आणि लेझर झालेल्या डोळ्यात नेहमीचं सूत्र चुकतं. जुने आकडे हाताशी असले तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. काचबिंदूचंही तसंच. कॉर्निया पातळ झाला की यंत्र दाब खरा आहे त्याहून कमी दाखवतं, म्हणजे दाब वाढलेला असूनही 'नॉर्मल' असा शेरा मिळू शकतो. पुढे कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे गेलात तर खुर्चीत बसताच सांगा, माझं लेझर झालंय.

माझ्या कागदांचे फोटो मी स्वतःलाच ईमेल करून ठेवलेत. मूळ कागद आईने मागून घेतले. ते आता देवघराच्या खणात आहेत, पाचवीतल्या पहिल्या नंबरच्या चिठ्ठीसोबत.